स्क्रममधली धडक गेली, मग झुंज कुठे गेली?

१५ ऑक्टोबर २०२३, पॅरिसजवळचं सँ-दनी. रग्बी विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. फ्रान्सने मारलेला उंच चेंडू दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने आपल्याच गोलरेषेपासून २२ मीटरच्या आत झेलला आणि 'मार्क' मागितला, म्हणजे झेलाची हाक देऊन खेळ थांबवला. मार्क मिळाला की फ्री-किक मिळते. अशा जागी माणूस चेंडू लांब मारून मोकळा होतो. विलेम्सेने खूण केली: स्क्रम. यात दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून, एकमेकांना धरून, मध्ये टाकलेल्या चेंडूसाठी रेटतात. म्हणजे स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर, स्वतःहून, फ्रान्सच्या आठ जणांशी खांद्याला खांदा. दक्षिण आफ्रिकेला आपल्या पुढच्या फळीवर तेवढा भरवसा होता. तो सामना त्यांनी २९-२८ असा जिंकला.

त्यानंतर वर्षही उलटलं नाही. १ जुलै २०२४ पासून फ्री-किकच्या बदल्यात स्क्रम मागायची सोय नियमांतून गेली. आता फ्री-किक मिळाली की चेंडूला पायाने टोचून पळायचं, नाहीतर किक मारायची.

बाहेरून बघणाऱ्याला हा खेळ वेगवान करण्यासाठीचा एक किरकोळ बदल वाटतो. प्रॉपच्या, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीत कडेला असणाऱ्या खेळाडूच्या, खांद्यावरून बघितलं तर २००७ पासून चाललेल्या एका मोठ्या सरकत्या हिशोबातली ही ताजी नोंद आहे. स्क्रमचा नियम बदलला म्हणून आठ जणांचा रेटा कमी होत नाही. तो कधी आणि कुठून लावायचा, एवढंच बदलतं. हे ज्या संघाला आधी कळतं, तो पुढची दोन वर्षं पेनल्टी, म्हणजे समोरच्याच्या चुकीवर मिळणाऱ्या तीन गुणांच्या किक, गोळा करतो.

आधी जुनी पद्धत बघू. २००७ च्या आधी पंच 'क्राउच, होल्ड, एन्गेज' असं म्हणत. २००७ मध्ये त्याची चार पायऱ्यांची साखळी झाली: 'क्राउच, टच, पॉज, एन्गेज'. खाली वाकायचं, हाताने समोरच्या प्रॉपच्या खांद्याला स्पर्श करायचा, हात मागे घ्यायचा, थांबायचं आणि मग धडकायचं. 'टच' आणला तो दोन फळ्यांमधलं अंतर हाताच्या लांबीपुरतं राहावं म्हणून. पण हाताची लांबी म्हणजे काही कमी अंतर नाही. तेवढ्यात साडेआठशे-नऊशे किलोचा पॅक, म्हणजे स्क्रममधले आठ जण मिळून, वेग पकडतो. समोरूनही तेवढंच वजन येत असतं.

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात या धडकेचा जोर मोजला गेला. सराव-मशीनवर पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय पॅकचा धडकेच्या क्षणीचा जोर सुमारे १६.५ किलोन्यूटन भरला, म्हणजे जवळजवळ १,७०० किलो वजन टाकल्यासारखा. धडक झाल्यानंतर जो सलग रेटा राहतो, तो याच्या साधारण निम्मा. हे प्रमाण लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जोराचं शिखर ढकलण्यात नव्हतं, आदळण्यात होतं. ते शिखर पहिल्या फळीतल्या तिघांच्या माना आणि खांदे झेलत होते.

त्यामुळे त्या काळातलं तंत्रही धडकेभोवतीच फिरे. 'एन्गेज'मधल्या पहिल्या अक्षरावर निघायचं की दुसऱ्या, याचा सराव होई. पंचांची लय पाठ केली जाई. अर्धा सेकंद आधी पोचलेला पॅक वरचढ, कारण समोरचा अजून पाय सरळ करतोय तोवर तुमचा खांदा त्याच्या छातीखाली गेलेला असे. उशीर झालेल्या प्रॉपला दोनच वाटा उरत: वर उचललं जाणं किंवा खाली कोसळणं. तो बहुतेक वेळा खाली जाई, कारण कोसळलेल्या स्क्रममध्ये दोष कोणाचा हे पंचांना सांगता येत नसे. मग पुन्हा स्क्रम, पुन्हा कोसळणं. २०१० च्या सुमाराचे सामने आज बघायला बसलात तर एका स्क्रममागे दीड-दोन मिनिटं कशी जात, हे दिसेल.

२०१२ मध्ये 'पॉज' काढून 'क्राउच, टच, सेट' केलं, पण मूळ दुखणं तसंच राहिलं. खरा बदल आला २०१३ च्या मोसमात: 'क्राउच, बाइंड, सेट'. आता 'बाइंड' म्हटल्यावर दोन्ही प्रॉपनी समोरच्याची जर्सी आधी पकडायची, पकड सोडायची नाही, आणि 'सेट'वर फक्त खांद्याला खांदा भिडवायचा. पकड आधी असल्यामुळे दोन्ही फळ्यांना जवळ यावंच लागतं, डोकी जवळजवळ कानाला कान लागून येतात. धावायला अंतरच उरत नाही. बाथच्या मोजमापात धडकेचा जोर या पद्धतीने सुमारे २५ टक्क्यांनी उतरला.

इथे कुस्तीची आठवण येणं साहजिक आहे. आधी स्क्रम म्हणजे दोन एडक्यांची टक्कर होती. २०१३ नंतर तो हातघाईचा, पकडीचा डाव झाला.

पकड नेमकी कशी हवी, हे नियमात अगदी तपशिलात लिहिलेलं आहे आणि बऱ्याच पेनल्टींचं मूळ तिथेच असतं. लूजहेड, म्हणजे डावीकडचा प्रॉप, १ नंबर, आपला डावा हात समोरच्या टाइटहेडच्या उजव्या हाताच्या आतून घालतो. टाइटहेड, म्हणजे उजवीकडचा प्रॉप, ३ नंबर, आपला उजवा हात लूजहेडच्या डाव्या हाताच्या बाहेरून टाकतो. दोघांनीही जर्सी पाठीवर किंवा कुशीवर धरायची. छाती, बाही, कॉलर किंवा दंड धरणं चूक. नियमाने जागा एवढीच सांगितली. तंत्र सुरू होतं ते कोपरापासून.

लूजहेडचं कोपर वर, जमिनीला समांतर असेल तर त्याचा खांदा आपोआप उघडतो, पाठ सपाट राहते आणि तो टाइटहेडच्या छातीखाली शिरू शकतो. कोपर खाली लटकलं की खांदा गोल होतो, छाती जमिनीकडे वळते आणि 'सेट' झाल्यावर पाऊण सेकंदात तो नाकावर पडतो. पंचांना लटकलेलं कोपर लांबून दिसतं, आणि ते त्याचा अर्थ 'हा खाली ओढतोय' असाच लावतात. अनेकदा तो ओढत नसतो, त्याचा हात पोचलेलाच नसतो. टाइटहेड धिप्पाड असेल तर आखूड हाताच्या लूजहेडची पकड पाठीपर्यंत जातच नाही, दंडावरच अडकते. अशा वेळी बगलेखालची जर्सी मुठीत घेऊन कोपर उंच ठेवणं, हाच उपाय. पाठ गाठायच्या हट्टापायी खांदा पिळला तर नुकसान आपलंच.

टाइटहेडची अडचण वेगळी. त्याच्या दोन्ही खांद्यांवर माणसं असतात, एकीकडे लूजहेड, दुसरीकडे समोरचा हुकर, म्हणजे दोन प्रॉपच्या मधला खेळाडू. जुन्या पद्धतीत धडकेनेच तो जागा करून घेई. आता त्याला 'बाइंड' आणि 'सेट' यांच्या मधल्या त्या थांबलेल्या क्षणात सगळं वजन पायाच्या चवड्यावर धरून, न हलता, न टेकता उभं राहावं लागतं. मांड्या पेटतात. म्हणून २०१३ नंतर प्रॉपच्या व्यायामातही फरक पडला. एका झटक्यात फुटणाऱ्या ताकदीइतकंच महत्त्व पाच-सात सेकंद वजन तोलून धरण्याला आलं. धडकेवर जगलेल्या काही जड टाइटहेडना हे जमलं नाही. याउलट आखूड, रुंद, लवचीक घोट्यांच्या लूजहेडना चांगले दिवस आले.

पायांची ठेवण सगळ्यांसाठी जवळपास तीच: पाय खांद्याइतके लांब, बोटं सरळ पुढे, गुडघे साधारण ९० ते १२० अंशांच्या मध्ये, टाचा किंचित उचललेल्या, कंबर खांद्यांपेक्षा कधीही वर नाही. हे शेवटचं नियमातही आहे, डोकं आणि खांदे कंबरेच्या खाली जाता कामा नयेत. हनुवटी छातीला लागली की पाठ गोल होते, म्हणून नजर भुवयांच्या वरून समोर. गुडघा फार सरळ झाला तर माणूस लांब पडतो आणि समोरच्याने एक पाऊल मागे घेतलं की पालथा होतो. फार वाकला तर ढकलायला काही उरत नाही, फक्त बसलेला राहतो. दुसऱ्या फळीतल्या लॉकचा खांदा प्रॉपच्या ढुंगणाखाली घट्ट बसलेला हवा, वर सरकलेला नको. लॉक वर सरकला की तो पुढच्या प्रॉपची कंबर उचलतो आणि स्वतःच्याच माणसाला खाली घालतो. असे कितीतरी कोसळलेले स्क्रम प्रॉपच्या नावावर जमा होतात, बिचाऱ्याचा दोष नसताना.

आता गंमत बघा. धडक गेल्यावर पॅक काय करू लागले? धावता येत नाही म्हटल्यावर ते आधीच टेकू लागले. 'क्राउच' झाल्याबरोबर मागचे पाच जण वजन पुढे सोडत, आणि ते वजन रोखायला पहिली फळी, विशेषतः हुकर, आपलं डोकं समोरच्याच्या खांद्यावर किंवा मानेजवळ टेकवून उभी राही. 'सेट' म्हटल्यावर डोकं काढलं की साठवलेलं सगळं वजन एकदम पुढे. म्हणजे धावून मिळणारा फायदा टेकून मिळवला. पण डोक्याच्या टाळूवर दोन पॅकचं वजन येणं म्हणजे मणक्यावर सरळ उभा दाब. जी इजा टाळायला २०१३ चा नियम आला, तिचीच ही मागची वाट होती. २०२० च्या सुरुवातीला हे टेकणं बंद झालं. 'क्राउच' ते 'सेट'च्या मध्ये डोकं समोरच्याच्या माने-खांद्यावर ठेवलं तर फ्री-किक.

मग प्रश्न उरला, वजन अडवायचं कशावर? त्याचं उत्तर २०२२ मध्ये आलं ते 'ब्रेक फूट'च्या रूपात. 'क्राउच' आणि 'बाइंड'च्या वेळी हुकरने एक पाय पुढे रोवून ठेवायचा, बैलगाडी उतारावर असताना चाकाला धोंडा लावतात तसा. 'सेट' झालं की तो पाय मागे घ्यायचा. अलीकडच्या सगळ्या बदलांत मला हा सगळ्यात शहाणा वाटतो, कारण यात पंचांनी काही ताडायचं नाही. पाय पुढे आहे की नाही, एवढं बघायचं.

तरी त्यातही खोच आहेच. पाय मागे घेताना हुकर क्षणभर एका पायावर असतो. त्या क्षणी त्याची कंबर एका बाजूला झुकली तर त्याचा एक प्रॉप सुटा पडतो. त्यामुळे आता तिघांची एकमेकांतली पकड पूर्वीपेक्षा वर आणि घट्ट लागते. प्रॉपनी हुकरला अक्षरशः दोन खांबांसारखं तोलून धरायचं, आणि हुकरने पाय उचलून मागे टाकायचा नाही, घसटत न्यायचा. पाय घाईने, 'सेट'च्या आधीच काढला तर वजन सुटतं आणि फ्री-किक समोरच्याला. सरावात हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण हुकरचं लक्ष चेंडूकडे गेलेलं असतं.

चेंडूवरून आठवलं. हुकर या नावाचा अर्थच चेंडू पायाने आकड्यासारखा मागे ओढणारा. पण धडकेच्या दिवसांत हे काम जवळजवळ बंद पडलं होतं. स्क्रममध्ये चेंडू टाकणारा स्क्रम-हाफ चेंडू तिरका, थेट आपल्या दुसऱ्या फळीच्या पायांत टाकी, पंच काणाडोळा करत, आणि हुकर तिसरा प्रॉप होऊन ढकलत बसे. २०१३ मध्ये नव्या सूचनांबरोबर 'चेंडू सरळच टाका' हेही कडक झालं. स्क्रम स्थिर झाल्यावर पंचच स्क्रम-हाफला, म्हणजे ९ नंबरला, 'यस नाइन' अशी हाक देऊ लागले. यात दोन घोटाळे झाले. एक, कित्येक हुकरना पाय मारता येत नव्हता. दोन, 'यस नाइन' ऐकल्याबरोबर समोरचे आठ जण रेटायला मोकळे, त्यांना वेळ आयती कळे.

इथे एक साधं गणित आहे. चेंडू टाकणाऱ्या संघाचा हुकर उजवा पाय मारतो तेव्हा तो डाव्या पायावर असतो, म्हणजे ढकलायला तो जवळजवळ नाहीच. त्याचे सात विरुद्ध समोरचे आठ. चेंडू अगदी मध्यरेषेवर सरळ टाकायला लावलं तर चेंडू ज्याचा त्यालाच तोटा. २०१७ मध्ये यावर तोडगा निघाला. पंचांची हाक बंद झाली. चेंडू सरळच टाकायचा, पण स्क्रम-हाफने आपला डावा खांदा स्क्रमच्या मध्यरेषेवर ठेवून उभं राहायचं, म्हणजे चेंडू अर्ध्या खांद्याएवढा आपल्या बाजूने आत जातो. त्याच्या बदल्यात चेंडू टाकणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीतल्या कोणीतरी पाय मारणं सक्तीचं झालं. शिवाय स्क्रमच्या सगळ्यात मागे असणाऱ्या नंबर एटला दुसऱ्या फळीच्या पायांतून चेंडू उचलायची मुभा मिळाली.

ही शेवटची मुभा कमजोर पॅकसाठी वरदान आहे आणि तिचा वापर अजूनही कमीच होतो. हुकरने चेंडू अलगद डाव्या लॉककडे सरकवला, तिथून तो डाव्या बाजूने पटकन मागे आला आणि नंबर एटने वाकून उचलला, की रेटा चढायच्या आत चेंडू बाहेर. त्यासाठी हुकरचा पाय 'मार' नको, 'वळण' हवं. तळव्याने चेंडूला मागे दिशा द्यायची. घोटा ताठ ठेवून आपटला तर चेंडू दोन लॉकच्या मधून सुसाट निघतो आणि नंबर एटच्या टाचेला लागून समोरच्या स्क्रम-हाफच्या हातात. आणि डाव्या लॉकचे पाय फार मागे गेलेले असतील तर चेंडू मधेच अडकतो. मग सात जण आठ जणांचा रेटा झेलत चेंडूची वाट बघतात, आणि पुढचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे.

२०२३ पासून पंचांनी खूण केल्यावर ३० सेकंदांत स्क्रम बांधायला तयार असणं सक्तीचं झालं. कागदावर वेळेचा नियम, प्रत्यक्षात दमाचा. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी आता श्वास घेत रेंगाळू शकत नाहीत. त्यामुळे राखीव खेळाडूंची किंमत वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विकेनहॅमला न्यूझीलंडविरुद्ध आणि पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने बाकावर सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये उतरणारे गडी, आणि मागे खेळणारा एकच बॅक ठेवला. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्यांचा प्रॉप ऑक्स एनशे उत्तरार्धात उतरला आणि तिथून स्क्रम फिरला. शेवटच्या काही मिनिटांत मिळालेल्या स्क्रमच्या पेनल्टीवर हान्द्रे पोलार्डने जवळजवळ ५० मीटरवरून किक घातली. १६-१५.

आणि मग २०२४ चा फ्री-किकचा बदल. आधी काय होई? समोरच्याने आधीच ढकललं किंवा आधीच भिडला तर फ्री-किक मिळे, ती घेण्याऐवजी बलवान संघ पुन्हा स्क्रम मागे, मग पुन्हा, आणि शेवटी पेनल्टी काढेच. ती चरकाची पद्धत बंद झाली. पण या नियमाची एक बाजू मला पटत नाही. ज्याचा स्क्रम मार खातोय, त्याला आता एक स्वस्त सुटका मिळाली. 'सेट'च्या जरा आधी सरकायचं, फ्री-किक द्यायची, स्क्रम टळला. पेनल्टीतून गेले असते ते तीन गुण वाचले. याला लगाम फक्त पंचांचा: तीच चूक वारंवार केली किंवा मुद्दाम केली तर पंच फ्री-किकऐवजी पेनल्टी देऊ शकतात. दुसऱ्या वेळेलाच ती दिली तर नियम टिकेल. पंचांनी चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत वाट बघितली तर हुशार कप्तान तेवढ्या फ्री-किक हिशोबात धरूनच मैदानात उतरतील.

आपल्याकडे या सगळ्याचा उपयोग किती? महाराष्ट्रात मुलं बहुतेक सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी, खेळतच रग्बीत येतात. सेव्हन्सचा स्क्रम तीन विरुद्ध तीन. मागे लॉक नाहीत, म्हणून मागून येणारं वजन काय असतं, हे मुलांना पंधरा जणांच्या संघात आल्यावरच कळतं. तीन जणांच्या स्क्रममध्ये चालून जाणारी गोल पाठ आणि लटकलेलं कोपर आठ जणांत पहिल्याच 'सेट'ला उघडं पडतं. १९ वर्षांखालील गटात पंधराच्या खेळातही स्क्रम १.५ मीटरपेक्षा जास्त ढकलायचा नसतो आणि मुद्दाम फिरवायचाही नसतो. ही मर्यादा प्रशिक्षकांनी बंधन न मानता शिकवायची संधी मानावी. दीड मीटर सरळ, न कोसळता, आठ जणांनी एकाच पावलाने जाणं हे दहा मीटर फरफटत नेण्यापेक्षा अवघड आहे.

मुंबईत रग्बी पावसाळ्याचा खेळ. चिखलात 'ब्रेक फूट' घसरतो, तेव्हा बुटांकडे लक्ष हवं. बुटाच्या तळाच्या खुंट्यांची, म्हणजे स्टडची, लांबी २१ मिलिमीटरपर्यंत चालते. पहिल्या फळीने आणि लॉकनी ओल्या मैदानावर त्याच्या जवळपासचे धातूचे स्टड लावावेत, कडा झिजून धारदार झालेले असतील तर बदलावेत. रबरी साच्यातल्या स्टडचे बूट स्क्रमच्या कडेला असणाऱ्या फ्लँकरला चालतील, टाइटहेडला नाही. चिखलात पावलंही आखूड टाकायची, वीतभर पुढे आणि लगेच रोवायचं. लांब पाऊल टाकणाऱ्याचा मागचा पाय सुटतो.

स्क्रम-मशीन नसलं तरी सराव अडत नाही. आधी दोघं-दोघं समोरासमोर, हात आणि गुडघे टेकून, पकड घेऊन, खांदा भिडवून. मग गुडघे जमिनीपासून चार बोटं उचलायचे आणि दहा सेकंद तसंच धरायचं, ढकलायचं नाही. पाठीवर पाण्याची भरलेली बाटली आडवी ठेवली तर पाठ कधी वाकली हे बाटलीच सांगते. हे जमलं की उभ्याने दोघं, मग तीन विरुद्ध तीन, मग लॉक जोडून पाच विरुद्ध पाच, आणि सर्वांत शेवटी आठ. प्रत्येक वेळी कोणीतरी पंच होऊन 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणायचं, आणि 'बाइंड' व 'सेट' यांमधलं अंतर दर वेळी बदलायचं: कधी एक सेकंद, कधी तीन. जो पॅक तिसऱ्या सेकंदाला डगमगतो, त्याचं वजन अजून समोरच्यावर टेकलेलं आहे, स्वतःच्या पायांवर नाही. त्या पॅकला आठ विरुद्ध आठ खेळवू नका, परत पाचवर आणा.